मामीच्या माहेरची यात्रा

यंदा, 2025च्या एप्रिलमध्ये, आमच्या घरात सगळ्यात जास्त शिव्या कुणी खाल्ल्या असतील तर परीक्षेच्या वेळापत्रकानं. पहिली ते नववी, सगळ्या राज्यात एकदम, 8 ते 25 एप्रिल. आमचे चिरंजीव सातवीत. आणि आजोळच्या भैरवनाथाची यात्रा असते चैत्र वद्य अष्टमीला. म्हणजे बरोबर परीक्षेच्या मधोमध. पोराबाळांसकट जाणं शक्यच नाही. गेल्या तेरा वर्षांत लेकाची एकही यात्रा चुकली नव्हती, कोरोनाची दोन वर्षं सोडली तर. तो रडला नाही, पण दोन दिवस माझ्याशी धड बोललाही नाही, जणू वेळापत्रक मीच काढलं होतं.

भावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर रणकंदन. आम्ही मामेभाऊ, मावसबहिणी मिळून बावीस जण आहोत त्यात. ठाण्याचा भाऊ म्हणाला, पोरांना गाव कळूच द्यायचं नाही असं ठरवलंय यांनी. मस्कतच्या भावानं रडक्या तोंडाचे सहा चेहरे टाकले. मीही मागं राहिले नाही. लांबलचक मेसेज लिहिला : आपल्या वेळी 12 एप्रिलच्या आत परीक्षा आटपायची, पेपर टाकला की त्याच रात्री एसटी, निकाल 1 मेला झेंडावंदनानंतर वडील आणायचे आणि गावातल्या दुकानातल्या फोनवर कळवायचे, तोवर निम्मी सुट्टी खाऊन झालेली असायची. अठरा बदाम आले त्या मेसेजला. मला फार बरं वाटलं.

आणि मग थोरल्या मामीचा आवाज आला. मामेभावानं तिला ग्रुपात घेतलंय, पण ती टाइप करत नाही, बोलून पाठवते. पाठीमागं कोंबडी ओरडत होती. मामी म्हणाली, "आरं मग बरंच झालं की. यंदा कुणी येत न्हाय तर मी जाऊन येती माझ्या म्हायारच्या यात्रंला."

ग्रुप एकदम गप्प. मग कुणीतरी अंगठा दाखवला.

मला आधी कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा उलगडा झाला. मामीचं माहेर खटाव तालुक्यात, वडूजच्या पलीकडं. सासर, म्हणजे आमचं आजोळ, माण तालुक्यात, दहिवडीच्या बाजूला. मध्ये जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर. दोन्ही गावांचा देव भैरवनाथ. दोन्ही यात्रा चैत्र वद्य अष्टमीच्या. मामीचं लग्न 1979 सालचं. तेव्हापासून 2025 पर्यंत तिनं माहेरची यात्रा एकदाही बघितली नव्हती. दिवाळीला गेली, भावाच्या लग्नाला गेली, आई गेली तेव्हा गेली. यात्रेला नाही. कारण त्या दिवशी इकडं आम्ही असायचो.

त्या फोननंतर मी माझा अठरा बदामांचा मेसेज पुन्हा वाचला. त्यात एसटी होती, खंबाटकी घाट होता, विहीर होती, पिवळा गुलाल होता. माझे वडील माथाडी कामगार, वाशीच्या मार्केटात. आम्ही कोपरखैरण्याला राहायचो. वडील यात्रेपुरते दोन दिवस मुंबईकर मंडळाच्या गाडीनं यायचे, हेही मी लिहिलं होतं. भाकरी कोण थापायचं हे लिहिलं नव्हतं.

आता हिशेब करते. आम्ही चौदा पोरं. आजी, दोन मामा, दोन मावश्या, माझी आई, मामी. पोरांना दीड-दीड धरा, मोठ्यांना अडीच-तीन. एका वेळेला चाळीसच्या आसपास भाकरी. दोन वेळा. ज्वारीची असली तर बरं, बाजरीची असली की प्रत्येकी नव्यानं पीठ मळायचं. पाणी विहिरीवरून, डोक्यावर दोन घागरी आणि कमरेवर कळशी. माणदेशात चैत्रात विहिरीनं तळ दाखवलेला असतो, त्यामुळं पहाटे चारला जो पोहोचेल त्याला पाणी. वर त्याच दिवसांत वाळवण. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, गाळायचे, मग पहाटे उठून चीक शिजवायचा, कारण ऊन चढायच्या आत माळवदावर घालून झाल्या पाहिजेत. आम्हा सगळ्यांना चीक आठवतो. वाटीत गरम चीक, वर दूध-साखर. तो हाटून हाटून खांदे कुणाचे भरून यायचे ते कुणालाच आठवत नाही.

इथं माझ्या आईला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण आई कोपरखैरण्यात अकरा महिने खानावळ चालवायची. गावाकडची सात-आठ माथाडी पोरं आमच्याकडं जेवायला. तिला पाठ टेकायची जागा एकच होती, ती माहेर. ती तिथं दुपारी आजीच्या शेजारी झोपायची आणि तिला कुणी उठवायचं नाही. तो तिचा हक्कच होता. मामीनं तिच्या माहेरी जाऊन तसंच झोपायचं, तिथं तिच्या भावजयीनं राबायचं, आणि भावजयीनं आणखी तिच्या माहेरी. अशी ती साखळी. माहेरपण म्हणजे एका बाईचा आराम दुसऱ्या बाईच्या खांद्यावर देणं, आणि दुसरीनं तिसरीच्या. साखळीत पुरुष कुठंच नाहीत, ते यात्रा कमिटीत असतात. आमच्या मामीच्या बाबतीत ही साखळी तिथीवर अडकली, इतकंच. दोन गावांचे देव वेगळे असते तर ती सुटली असती.

यात्रा कमिटीचं निघालंच आहे तर सांगते. पाडव्याला देवळात पंचांग वाचून झालं की यात्रेची बैठक. पट्टी किती, तमाशाची सुपारी कुणाला, कुस्त्यांचा फड कुठं, शेवटची कुस्ती कितीची. पट्टी लग्न झालेल्या पुरुषामागं. मग यात्रेत दोन दिवस लाऊडस्पीकरवर पावत्यांची नावं पुकारतात, अमुक आप्पांकडून पाचशे एक, तमुक शेठ मुंबईकर यांजकडून अकराशे. लहानपणी वडिलांचं नाव कधी येतंय याकडं आम्ही कान लावून बसायचो आणि आलं की टाळ्या. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा गोडा नैवेद्य, रात्री छबिना, म्हणजे पालखीची मिरवणूक. दुसऱ्या दिवशी मटण, दुपारी रेवड्यांच्या कुस्त्यांपासून सुरुवात, रात्री तमाशा. या सगळ्यात लाऊडस्पीकरवरून पुरण वाटणारीचं नाव मी आजवर ऐकलेलं नाही.

गावकी म्हणजे एकोपा, असं आपण शहरात बसून म्हणतो. तेही तपासायला हवं. छबिना कुठल्या गल्लीत वळतो आणि कुठल्या वस्तीच्या तोंडावरून मागं फिरतो हे आम्हा पोरांना नीट ठाऊक होतं, कुणी शिकवलेलं नसताना. 14 एप्रिलला त्याच वस्तीत जयंतीची मिरवणूक निघायची, तेव्हा आमची आजी आम्हाला परड्यात खेळायला लावायची. मला ते पंधरा वर्षांनी उमगलं. आठवणींच्या मेसेजमध्ये हेही नसतं.

मग आजोळ नकोच होतं का? तर असं अजिबात नाही. मला पोहायला त्या विहिरीनं शिकवलं, कोरडा भोपळा पाठीला बांधून. (गुडघ्याची खूण अजून आहे.) चौदा जणांत एक आंबा वाटून खाण्याचा जो अनुभव आहे तो माझ्या एकुलत्या एक लेकाला मी कुठल्याही शिबिरात तीन हजार भरून देऊ शकत नाही. आणि वेळापत्रकावरचा माझा राग अजून तसाच आहे. चाळीस-बेचाळीस अंशांत पत्र्याच्या वर्गांत पोरं कोंबून एप्रिलअखेर पेपर घ्यायचे आणि लगेच पाच-सहा दिवसांत निकाल लावायला मास्तरांना जुंपायचं, यात कुणाचं काय भलं झालं ते मला कळलेलं नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या यात्रा चैत्रात येतात, हे वेळापत्रक करणाऱ्यांना ठाऊक नसेल असंही नाही.

एक वर्ष मात्र वेगळं गेलं होतं. 2018. पाणी फाउंडेशनचा वॉटर कप, म्हणजे पाणी अडवायच्या कामांची गावागावांतली स्पर्धा, 8 एप्रिल ते 22 मे. आजोळच्या गावानं भाग घेतला होता. त्या वर्षी मामेभावानं ग्रुपवर सांगितलं, येणार असाल तर टिकाव-फावडं घेऊन या, पाहुणे म्हणून येऊ नका. आम्ही तिघं गेलो. आईही आली, गुडघे दुखत असताना. माळावर सलग समतल चर खणायचे, पहाटे साडेपाचला सुरुवात, नऊला ऊन लागलं की बंद. बायका पुरुषांपेक्षा जास्त. रांगेत घमेली पुढं सरकवताना माझी आई आणि मामी शेजारी शेजारी उभ्या होत्या. मामी हसून आईला म्हणाली, "वन्सं, चाळीस वर्सांत पयल्यांदा तुमी आन मी एका कामाला हाय." आई काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र ती पाय पसरून बसली नाही, परात ओढून घेतली. त्या वर्षी राज्यात पहिला नंबर आमच्याच माण तालुक्यातल्या टाकेवाडीचा आला. आमच्या गावाला काही मिळालं नाही. चर आहेत.

असो. यंदाचं सांगते.

मामी खरंच गेली. मामेभावाला गाडी काढायला सवड नव्हती, त्याच्या गळ्यात यात्रेची पावती-पुस्तकं. ती एकटी एसटीनं गेली, दहिवडी-वडूज आणि पुढं, बायकांच्या अर्ध्या तिकिटावर. आम्ही लहानपणी बारा पूर्ण झाल्यावरही कंडक्टरसमोर अंग चोरून अर्ध्या तिकिटात यायचो ते तिला आठवलं म्हणे. "आता माझं बी अर्धं," म्हणाली.

मी विचारलं, मग इकडचं कुणी बघितलं? सुनेनं. पण यंदा घरचीच माणसं, दोन किलो डाळीत भागलं, आमच्या वेळी दहा किलो लागायची. आणि सुनेचं माहेर फलटणच्या बाजूला, तिथली यात्रा चैत्र पौर्णिमेला. यंदा 12 एप्रिलला होती. मामीनं तिला आधीच धाडली होती चार दिवस. "तिची तिला, माझी मला," असं मामी म्हणाली, अगदी पट्टी वसूल करणाऱ्यासारखी.

2 मेला, निकालाचा कागद लेकाच्या हातात पडल्यावर, आम्ही आजोळी गेलो. यात्रा होऊन दहा-अकरा दिवस झालेले, देवळापुढं पाळण्याच्या खड्ड्यांच्या खुणा आणि गुलाल. लेक जरा खट्टूच होता. मामी ओट्यावर बसली होती. दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले, माहेरच्या यात्रेत कासाराकडून भरून घेतलेले. मी म्हटलं, मामी, सांग की सगळं.

तिनं आधी छबिन्याचं सांगितलं. लहानपणी जिथून बघायची त्याच माळवदावर बसून बघितला. आता खाली सिमेंटचा रस्ता झालाय आणि ढोलाच्या पुढं डीजे असतो, ते तिला आवडलं नाही. पालखी दाराशी आली तेव्हा भावानं तिच्या हातात नारळ दिला. ती म्हणाली, मला फोडता येईना, हात थरथरत होता, भाच्यानं फोडला. मग भावजयीचं सांगितलं. पहिल्या संध्याकाळी मामी सवयीनं चुलीकडं गेली, "बाजूला सर, मी थापते," म्हणाली. भावजयीनं तिला हाताला धरून बाहेर आणून बसवलं.

पण सगळ्यात जास्त रंगून तिनं सांगितलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून अंथरुणावर आलं होतं. घड्याळात आठ. "आठ वाजता उठली मी. आठ!" असं ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. "म्हणलं, वयनी, उठवायचं न्हाय का? तर ती म्हणती, कशाला?" हे ती मला तीनदा सांगून झाली. माझ्या लेकाला सांगितलं, माझ्या नवऱ्याला सांगितलं, माझ्या आईला फोन लावून सांगितलं. पलीकडून आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण मामी बराच वेळ नुसतं हूं, हूं करत होती.

तीन दिवस राहिलो. मी भाकरी थापल्या, मामीच्या देखरेखीखाली. माझ्या भाकरीला तिनं "नकाशा" म्हटलं. नवऱ्यानं दोन दिवस पाणी भरलं (आता नळ आहे दारात, फार कौतुक नको). लेकानं कुरडयांच्या सोऱ्याला लोंबकळून दोन ओळी घातल्या आणि चीक मात्र तीन वाट्या खाल्ला.

निघताना मामीनं सांगून टाकलं की पुढच्या वर्षी ती दोन्ही दिवस माहेरी जाणार आहे, भावाला कबूल केलंय. मी ते ग्रुपवर टाकलं. बदाम आले, बरेच आले. मग ठाण्याच्या भावानं विचारलं, "छानच. पण मग आपण सगळे गेलो तर पुरणाचं कोण बघणार?"

हा प्रश्न 4 मेला, रविवारी रात्री आलाय. बावीस जणांनी वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतायत. आज बुधवार.