दारात माड आणि करीत मलई

गेल्या रविवारी भाच्याने हट्टाने एका नव्या कॅफेत नेलं. हायवेला लागूनच आहे. नाव सांगत नाही, पोरं बिचारी कर्ज काढून धंदा करतायत. मेनूकार्डावर अर्धं जग मांडलेलं. मी थाई ग्रीन करी मागवली. आली ती गोडसर, दाट, वर ढोबळी मिरचीचे तुकडे. दोन घास खाल्ले आणि पोऱ्याला विचारलं, "नारळाचा रस नाय घालूक तो?" म्हणाला, "क्रीम घालतो काका. नारळ काय, लोकांना रोजचाच." खिडकीतून मोजले. त्याच्या पार्किंगमध्येच अकरा माड होते.

राग नाही आला, हसू आलं. पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय.

मी बावीस वर्षं बोटीवर काढली. मालवणकडच्या वाड्यांत बोटीवरचा माणूस म्हणजे काही अपूर्वाई नाही. लोक विचारतात, जग फिरलास, काय काय खाल्लंस? त्यांना झुरळं, साप असलं काहीतरी ऐकायचं असतं. माझी जगाच्या खाण्याशी ओळख झाली ती सुक्या माशाच्या वासाने.

पहिल्याच बोटीवर अर्धे खलाशी फिलिपिनो होते. सुरुवातीचे दोन महिने मी त्यांच्या मेसकडे फिरकलो नाही. लोणचं, पापड आणि आईने बांधून दिलेली कुळथाची पिठी यावर दिवस काढले. एकदा पहाटे चारला वॉच संपवून खाली येतोय तर अख्ख्या पॅसेजमध्ये वास. क्षणभर वाटलं, घरीच आहे आणि आई चुलीच्या निखाऱ्यावर सुको बांगडो भाजतेय. मेसमन तव्यावर 'तुयो' तळत होता. खारवून वाळवलेले छोटे मासे. शेजारी लसणीवर परतलेला शिळा भात आणि वाटीत नारळाच्या ताडीचं व्हिनेगर, त्यात ठेचलेली मिरची. मासा मोडायचा, व्हिनेगरात बुडवायचा, भाताबरोबर खायचा. तिथेच उभ्याने दोन ताटं खाल्ली. वरच्या मजल्यावरच्या युरोपियन ऑफिसरने वासाची तक्रार केली तेव्हा मी आणि तो मेसमन एकमेकांकडे बघून हसलो. तिथून आमची गट्टी जमली.

मग त्यांचं 'सिनिगांग' खाल्लं. आंबट पातळ कालवण. आंबटासाठी चिंच, नाहीतर 'कामियास' नावाचं फळ. त्याने फोनवर फोटो दाखवला तर आमच्या विहिरीकडेचं बिंबल! आम्ही बांगड्यात घालतो तेच.

श्रीलंकेत गेलो तेव्हा तर हद्द झाली. तिथे 'पोल सांबोल' नावाची चटणी रोजच्या जेवणात असते. खवलेला नारळ, लाल मिरची, कांदा, लिंबू आणि 'उंबलकड', म्हणजे उकडून, धुरी देऊन, वाळवून दगडासारखा कडक केलेला कुपा, कुटून. आपली सुकटीची चटणी दुसऱ्या गावात लग्न करून गेली तर अशीच दिसेल. आणि 'अंबुल थियल' म्हणजे मासा मातीच्या भांड्यात 'गोरका' आणि मिरीच्या वाटणात पाणी आटेपर्यंत शिजवलेला. हा गोरका म्हणजे आमच्या कोकमाचा चुलतभाऊ, दोघेही गार्सिनिया कुळातले. आमच्या बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं असतात, त्यांच्यात ती नाहीत. बाकी चव डोळे मिटून ओळखण्यासारखी.

माझं म्हणणं हेच आहे. कोकणातल्या माणसाने जगाचं खाणं शोधायला निघावं, जरूर निघावं, पण चीज आणि मेयोनीजच्या वाटेने जाऊ नये. त्या वाटेवर आपलं कोणी राहत नाही. वासाच्या आणि आंबटाच्या वाटेने गेलं की घरोघरी नातलग भेटतात. त्या थाई करीचंच घ्या. तिच्या वाटणात गवती चहा असतो, जो आमच्याकडे प्रत्येक घराच्या मागच्या दाराला उगवतो आणि चहापलीकडे कुठेच जात नाही. 'कापी' असते, म्हणजे बारीक कोळंबी मिठात आंबवून, वाळवून केलेला गोळा. ही कोळंबी आपल्या जवळ्याच्याच जातीची. नारळ तर आहेच. कॅफेच्या पोराला फक्त कुळिंजन (आल्यासारखं एक मूळ) आणि एक-दोन गोष्टी बाहेरून आणाव्या लागल्या असत्या. त्याने आणली ढोबळी मिरची.

आता कोणीतरी लिहील की आपलं सोडून परक्याचं कशाला. बाबा रे, तुझ्या मालवणी मसाल्यातली मिरची पोर्तुगीजांच्या बोटीतून आली. काजूही त्यांनीच ब्राझीलहून आणला. नावासकट, कारण तो शब्द मूळ तिथल्या तुपी लोकांचा. बटाटा, अननस, पावसुद्धा त्याच रांगेतले. हा विषय इथेच संपवतो.

पेयांबद्दल एकच सांगतो. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर मान्सानियो नावाचं मोठं बंदर आहे, कोलिमा राज्यात. तिथे समुद्राकाठी एक माणूस भोपळ्याच्या तुंब्यातून काहीतरी विकत होता. पेल्यात गुलाबीसर पेय, वर शेंगदाणे आणि सफरचंदाचे तुकडे. तोंडाला लावलं तर माडी! भंडाऱ्याने सकाळी उतरवलेली, गोडी अजून न उतरलेली माडी. नाव विचारलं तर म्हणाला 'तुबा'. फिलिपिनोही तिला तुबाच म्हणतात. मनिला ते अकापुल्को अशी स्पॅनिश जहाजं १५६५ ते १८१५, अडीचशे वर्षं चालली. त्यांवरच्या फिलिपिनो खलाशांनी माडाची पोय, म्हणजे फुलोरा, बांधून रस काढायची विद्या तिकडे नेली. तिकडे ती फुटपाथवर पोरंबाळं घेऊन पितात. आमच्याकडे माडी प्यायची तर आधी आजूबाजूला बघायचं. शेंगदाण्यांचं मात्र मला पटलं नाही, दाताखाली येतात.

एक गोष्ट जास्त लागते, ती लिहितोच. आमच्या गावात होमस्टे वाढलेत. पाहुणे आले की घरात सुकट भाजायची नाही, बोंबील तळायचे नाहीत, असा नियम झालाय. वास येतो म्हणे. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर लपवतात. आणि हेच पाहुणे बँकॉकला जाऊन आल्यावर रस्त्यावरच्या नूडल्सचे गोडवे गातात. त्या नूडल्सना चव कशाने आली? मिठात महिनोन्‌महिने मुरवलेल्या माशाच्या पाण्याने. व्हिएतनामात त्याच पाण्याला 'नुओक माम' म्हणतात आणि फू क्वोक बेटावर त्याचे मोठाले लाकडी पिंप भरलेले असतात. तीन भाग मासा, एक भाग मीठ आणि साधारण एक वर्ष. मासा अँचोव्ही, म्हणजे मांदेलीच्या कुळातला.

मागच्या खेपेला एक बाटली आणली होती. आईने झाकण उघडून हुंगलं. "ह्येका तर आपल्या खाऱ्याचो वास येता मरे," म्हणाली आणि दोन थेंब सोलकढीत घातले. मी ओरडेपर्यंत पिऊनही झाली. "वाईट नाय" म्हणाली. वाईटच होती, मी चाखली.

तर आता मीच एक उद्योग केलाय. मार्चमध्ये मांदेली स्वस्त मिळाली, सहा किलो घेतली. दोन किलो जाडं मीठ, आजीची लोणच्याची जुनी चिनीमातीची बरणी, वर दगड, तोंडाला फडकं. न्हाणीघरामागे उन्हात ठेवलीय. शेजारची काकी दोनदा येऊन विचारून गेली, "तुमच्या परड्यात काय मेलासा काय रे?" मी सांगितलं, व्हिएतनाम आहे. पुढच्या मिरगाच्या आत उघडणार आहे. कोणाला यायचं असेल तर या, भात आमचा.