बसमध्ये न बसलेल्यांचा राग

माझा भाचा बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यानं प्रोजेक्ट घेतलाय: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या बसबद्दल लोक एक्सवर आणि फेसबुकवर जे लिहितात ते गोळा करायचं, संगणकाकडून राग आणि समाधान वेगळं करून घ्यायचं आणि प्रवाशांना नेमकं काय खुपतंय ते शोधायचं. परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं आलेख दाखवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेघ ताडासारखी उभी. "मामा, बघ की, लोक किती चिडलेत बसवर!"

चिडले होते, पण बसवर नव्हे. त्या महिन्यात तिकीट देताना मराठी-कन्नडवरून वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाली, मग गाडीला काळं फासण्यापर्यंत गोष्ट गेली आणि काही दिवस दोन्ही राज्यांच्या बस सीमेपलीकडे जाईनात. त्या आठवड्यात मीही दोन तावातावाच्या पोस्टी टाकल्या होत्या. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या घरात, चहा पीत. बेळगावच्या बसमध्ये मी शेवटचा चढलो त्याला सहा वर्षं झाली. भाच्याच्या आलेखात मात्र मी संतप्त प्रवासी आहे.

कल्पना वाईट आहे असं मी म्हणत नाही. इथली, सॅन फ्रान्सिस्को परिसरातली, बार्ट ही लोकल रेल्वे १९७२ पासून धावते. मार्च २०१६ मध्ये गाड्या रखडल्या आणि लोक ट्विटरवर तिच्यावर तुटून पडले. तेव्हा तिचं खातं सांभाळणाऱ्यानं ठरावीक दिलगिरी बाजूला ठेवून सरळ लिहिलं की ही व्यवस्था इतक्या माणसांसाठी बांधलेलीच नाही आणि तिचा बराच भाग आता आयुष्य संपवून बसलाय. त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदारांनी दुरुस्तीसाठी साडेतीन अब्ज डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. ट्वीटमुळे केले, असा माझा दावा नाही. पण तक्रारीला खरं उत्तर मिळालेलं मी तेव्हा पाहिलं. तरीही हीच बार्ट दर दोन वर्षांनी प्रश्नावली घेऊन माणसं डब्यात पाठवते, कारण जो लिहीत नाही तोही तिकीट काढतो. शिवाय ते व्यासपीठ तरी कुठं आपल्या मालकीचं? एप्रिल २०२३ मध्ये ट्विटरनं आपोआप सूचना टाकण्याच्या सोयीचे पैसे मागायला सुरुवात केली तेव्हा न्यूयॉर्कच्या बस-रेल्वे चालवणाऱ्या एमटीएनं गाड्यांच्या सूचना तिथं देणंच थांबवलं. पुढे फुकट सोय मिळाल्यावर ती परतली.

आपल्याकडे त्यात आणखी गुंता. भाचा शोधणार काय? कुणी 'बेळगाव' लिहितो, कुणी 'बेळगावी', कुणी रोमन लिपीत 'बेलगाम'. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, आणि तेव्हापासून गावाचं नाव कसं लिहिलं यावरूनच माणूस कुठल्या बाजूचा ते ठरवलं जातं. एकच शब्द शोधलात तर निम्मं गाव गायब. त्यात आमची बोली: मराठी वाक्यात कन्नड शब्द, वर रोमन अक्षरं, आणि "लई वेळेवर आली बघ बस" या वाक्याला संगणक समाधानाच्या खात्यात टाकणार, हे मी पैजेवर सांगतो. दारात लोंबकळणाऱ्या पोरांचे फोटो, चुकलेल्या फेऱ्यांच्या शिव्या हे सगळं गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतं. तिथं बाहेरच्याला प्रवेश नाही, आणि नसावाच.

राहिली माझी आत्या. उचगावच्या पुढच्या एका गावातून ती रोज भाजीची बुट्टी घेऊन शहरात येते. ११ जून २०२३ ला कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना सुरू झाली तेव्हापासून तिला शून्य रुपयाचं तिकीट मिळतं. हीच आत्या शिनोळीपलीकडे, महाराष्ट्रात, माहेरी एसटीनं गेली की अर्धं तिकीट. दोन्ही सरकारांच्या मशीनमधून तिच्या नावानं कागद निघतो, पण आजवर तिनं एक ओळ कुठं पोस्ट केलेली नाही. तिच्याकडे फोन आहे, त्यावर ती नातवाचे फोटो बघते.

त्या फेब्रुवारीत मी तिला मोठ्या काळजीनं फोन केला होता. भाषेवरून बसमध्ये कुणी काही बोलतं का, विचारलं.

"काय बोलतात रे? कंडक्टर पण मराठी बोलतोय, मी पण दोन शब्द कन्नड बोलतो. बुट्टी घेऊन चढू देत नाही तेवढंच. आणि फाट्यावरचा शेड पडलाय, दोन पावसाळे झाले. भाजी भिजते, आम्ही भिजतो. तू लिहितोस न्हवं? ते लिही."

मी लिहिलं नाही. भाषेवरच्या पोस्टीला तीनशे लाइक आले होते, शेडला कोण देणार?

भाच्याला हे सांगितलं. म्हटलं, आठवडाभर सकाळी सहाला वही घेऊन आत्याच्या फाट्यावर उभा राहा. कोण चढलं, कोण मागं राहिलं, बस थांबली की तशीच पुढे गेली, लिहून काढ. मग तुझ्या आलेखाशेजारी ते ठेव.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, सर म्हणतील सँपल लई लहान झालं."