पोटॅशिअमनं पेशी चार्ज होत नाही, उतरते

‘प्रत्येक पेशी म्हणजे उणे 70 मिलिव्होल्टची बॅटरी. ती उतरली की थकवा, बीपी, कॅन्सर. उपाय: अनवाणी चाला, साधं मीठ सोडून पोटॅशिअमचं मीठ खा, रोज दोन शहाळी प्या, पेशी फुल चार्ज!’ हा फॉरवर्ड फिरत फिरत माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिचं क्रिएटिनिन वाढलेलं (म्हणजे किडनी मंदावलेली), बीपीला टेल्मिसार्टन चालू, आणि तिनं शहाळेवाल्याला रोजचं सांगूनही टाकलं. नाहीतर असल्या गोष्टींवर कोण वेळ घालवतो?

आधी शहाळ्याचंच घेतो, कारण त्यात पोटॅशिअम भरपूर असतं आणि धोका तिथे आहे. पेशीच्या आत पोटॅशिअम लिटरमागे सुमारे 140 मिलिमोल, बाहेर जेमतेम 4. पटलात, म्हणजे पेशीच्या आवरणात, पोटॅशिअमपुरत्या काही वाटा कायम उघड्या असतात. त्यातून ते बाहेर झिरपतं, जाताना धन भार नेतं आणि आतली बाजू ऋण होते. मग तोच ऋण भार त्याला परत आत ओढू लागतो. दोन्ही ओढी जिथे जवळपास बरोबरीत येतात, ते पेशीचं व्होल्टेज. म्हणजे सगळा खेळ आतल्या-बाहेरच्या फरकाचा. या फरकावरून व्होल्टेज काढणाऱ्या नर्न्स्टच्या समीकरणात आकडे घालून बघा: 37 अंशाला बाहेर 4 असेल तर उणे 95 मिलिव्होल्ट, 8 असेल तर उणे 76. बाहेरचं पोटॅशिअम वाढलं की बॅटरी उतरते! फॉरवर्डचा उपाय त्याच्याच सिद्धान्ताच्या उलटा.

हृदयाच्या पेशी अशा उतरलेल्या राहिल्या की सोडिअमच्या वाटा नीट उघडेनाशा होतात, ठोका पुढे सरकत नाही आणि शेवटी हृदय थांबू शकतं. बायपासच्या वेळी सर्जन कधी कधी हृदय मुद्दाम थांबवतात, तेही बहुधा पोटॅशिअमचं द्रावण सोडूनच. धडधाकट किडनी जास्तीचं पोटॅशिअम लघवीतून टाकून देते. मावशीची तेवढं टाकू शकणार नाही, आणि टेल्मिसार्टन ते आणखी अडवून धरतं.

बरं, एवढं मान्य करतो की पोटॅशिअमयुक्त मीठ मुळात वाईट नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2025 मध्ये साध्या मिठाऐवजी ते वापरावं असं सुचवलंय. पण त्याच शिफारशीतून किडनीचे रुग्ण, गरोदर बायका आणि मुलं वगळली आहेत. ही ओळ फॉरवर्डमध्ये कुठे आहे?

अनवाणी चालणं: चाला, काटा बघून. पेशीचं व्होल्टेज पटलाच्या दोन बाजूंमधला फरक आहे. जमिनीला पाय लावून अख्ख्या शरीराचं विद्युत विभव बदललं तरी दोन्ही बाजू सारख्याच सरकतात, फरक तोच राहतो. हाय टेन्शन तारेवर बसलेल्या कावळ्याला म्हणूनच काही होत नाही.

‘प्रत्येक पेशी उणे 70’ हेही साफ खोटं. हृदयाच्या स्नायूपेशी ठोक्यांच्या मधे उणे 90 च्या आसपास असतात, रक्तातल्या तांबड्या पेशी उणे 10 च्या. डोळ्यातल्या दंडपेशी (मंद उजेडात बघायला लागणाऱ्या) अंधारात उणे 40 वर असतात आणि प्रकाश पडला की आणखी ऋण होतात. त्यांना काय रोज रात्री आजार होतो?

कॅन्सरच्या बऱ्याच पेशींचं व्होल्टेज कमी आढळतं, हे खरं. पण त्यावरून शहाळं पिऊन गाठ विरघळते असं म्हणायला कसलाही आधार नाही.