बारा औंसांचा अपमान

दुकानातल्या पोऱ्याने माझा हात एकदाच पाहिला आणि माळ्याकडे तोंड करून ओरडला, "अरे, वरून लहान मुलांचे टाक रे दोन जोड!"

सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. परवा संध्याकाळची गोष्ट, अजून कान गरम होतात. मला हवं तरी काय होतं? पंचिंग बॅगवर वीस मिनिटं दम लागेपर्यंत हात चालवायला खिशाला झेपतील असे ग्लव्ह्ज. कुणाशी लढायचं नाही. बॅग उलटून मारत नाही, तेवढाच एक गुण पाहून मी हा व्यायाम निवडलाय. अस्सल चामडं नको होतं, कारण माझे आजवरचे सगळे व्यायाम महिनाभरात खुंटीला लागले आहेत आणि खुंटीला लटकायला कृत्रिम चामडं पुरतं. बॉक्सिंगच्या १८६७ सालच्या क्वीन्सबेरी नियमांत ग्लव्ह्ज उत्तम प्रतीचे आणि नवे असावेत असं लिहून ठेवलंय. लिहिणाऱ्यांचं काय जातंय?

माळ्यावरून वाघाचं तोंड छापलेली जोडी धप्पकन पडली. सहा औंस.

"मोठ्यांचे दाखवा," मी जरा जास्तच भारदस्त आवाजात म्हणालो.

"किती औंस?"

"मिडियम."

"सर, ह्यात मिडियम नसतं."

खरं आहे त्याचं. औंस हे ग्लव्हचं वजन, हाताचं माप नव्हे. औंस वाढले की साधारणपणे आतली गादी वाढते. हे त्याने बारा औंसांची जोडी पुढे ठेवता ठेवता सांगितलं असतं, पण तेवढ्यात काका आले. काका आले होते प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला वजनकाटा घ्यायला. काटा घेऊन झाला होता, पैसे देऊन झाले होते. आता गृहस्थाने घरी जावं की नाही? पण 'औंस' कानावर पडलं.

"औंस कुठला? सोन्याचा की साधा?"

"काका, ग्लव्ह्जचा."

"सोन्याचा ३१.१ ग्रॅम. साधा २८.३५. ह्यातला कुठला?"

पोऱ्या माझ्याकडे असा बघायला लागला, जणू काकांना मीच घरून सोबत आणलंय.

"आणि हे बारा लिहिलंय ते जोडीचं की एकाचं?"

"एकाचं."

"मोजलंस?"

संपलं. काकांनी नवाकोरा काटा खोक्यातून काढला, ग्लव्हचा पट्टा हुकात अडकवला आणि हात लांब धरून उभे राहिले. ग्लव्ह गरागरा फिरत होता, तो थांबेपर्यंत दुकानात कुणी बोललं नाही. एका बाईंनी तर मुलाला कडेवर उचलून घेतलं, दिसावं म्हणून.

"३७०! साध्याने ३४० यायला हवे होते. सोन्याच्या हिशेबाने ३७३. म्हणजे सोन्याचाच औंस लावलाय. डोळे झाकून घेऊन टाका!"

मी हात पुढे केला. पण काकांना 'जरा पकड बघायची' होती. त्यांनी दोन्ही हातांत ग्लव्ह्ज चढवले, पोऱ्याकडून पट्टे आवळून घेतले आणि हवेत दोन ठोसे हाणले. तिसऱ्याला त्यांच्या खिशातला फोन वाजला.

बारा औंसांच्या हाताने शर्टाच्या खिशातून फोन काढता येत नाही. तो मी काढला, मीच त्यांच्या कानाला धरला. माझं तोंड त्यांच्या खांद्याशी, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकणं भाग होतं.

"हां, बोल... नाही, ग्लव्ह्ज घातलेत... बॉक्सिंगचे... भांडण कसलं? एक गृहस्थ आहेत, त्यांना मदत करतोय... तेच ते, ज्यांचे हात लहान आहेत."

मग काकूंना माझ्याशी बोलायचं होतं. "त्यांना फार दमवू नका," त्या म्हणाल्या. मी "बरं" म्हणालो. ह्याचा मला अजून राग येतो. 'बरं' का म्हणालो मी?

शेवटी ग्लव्ह्ज माझ्या हातात आले तेव्हा आतून कोमट आणि ओलसर होते, पण बसले अगदी मापाचे. पट्टा मनगटाला घट्ट धरत होता, बोटांच्या सांध्यांवर गादी नीट येत होती. बॅगवरच्या व्यायामाला ह्याहून जास्त काही लागत नाही. पैसे दिले. दिल्यावर पोऱ्या म्हणाला, "सर, आतून बांधायच्या पट्ट्या? त्याशिवाय मारू नका, मनगट जाईल."

घेतल्या. प्रत्येकी साडेचार मीटर. मनगटाला फेरे, पंजाला फेरे, प्रत्येक बोटामधून एक फेरा. घरी हे सोपस्कार उरकून ग्लव्हमध्ये हात घालायला गेलो, तर हात आत जाईना. दुकानात पोराचा ठरलेला हात घरी येईस्तोवर राक्षसाचा झाला होता. आधी पट्ट्या बांधून मग ग्लव्ह घालून बघायचा असतो, एवढं एक वाक्य बोलायला काय हरकत होती? औंसावर अर्धा तास खल झाला तिथे! गल्ल्यामागे पाटी होती, 'वापरलेला माल परत घेतला जाणार नाही'. वापरला कुणी, हे त्या पाटीला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी पट्टीचे तीन फेरे कमी केले आणि उजवा कसाबसा कोंबला. मग डावा. डाव्याचा पट्टा उजव्याने ओढायचा, तर उजव्याला आता बोटंच नव्हती. म्हणून दातांनी ओढला. कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळं बघून १९४१ साली एका स्विस इंजिनिअरला पट्ट्याच्या ह्या वेल्क्रोची कल्पना सुचली म्हणे. वेल्क्रोची चव त्याने घेऊन बघितली नसावी.

तेवढ्यात फोन वाजला. नाकाने उचलला.

"सर, दुकानातून बोलतोय. बिलावर तुमचा नंबर होता. काकांचा वजनकाटा तुमच्या पिशवीत आलाय का?"

पिशवी समोरच पडली होती. काट्याचा हुक बाहेर डोकावत होता.

"आलाय," मी दातांतला पट्टा न सोडता म्हणालो.

"काय? नीट ऐकू येत नाहीये. काका इथेच उभे आहेत, त्यांच्याकडे देऊ का?"