कोळीण खमकी आहे, म्हणून तिला कायदा नको?

कोळीवाड्यात बायकांसाठी कायदेविषयक शिबिर ठरलं की एक मजकूर फिरू लागतो. त्यात म्हटलेलं असतं: कोळणीच्या हातात पैसा, तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नाही, रस्त्यावर माशांची पाटी लावून विकणं मुळातच बेकायदा, मग हक्क कसले, वाटण्या शिकवून घरं फुटतात, आणि शिबिरांना बायका येतच नाहीत, म्हणजे त्यांना गरज नाही.

पैशाचं अर्धं खरं आहे. ससून डॉकवर, भाऊच्या धक्क्यावर पहाटे लिलावात बोली लावायची, बर्फाचा, टेम्पोचा हिशेब ठेवायचा, हे बायकाच करतात. पण होडीची नोंदणी, मासेमारीचा परवाना, डिझेलचा परतावा बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या नावावर. तो गेला किंवा त्याने टाकलं, की गल्ला सांभाळणारीला कागदावर नावच सापडत नाही. मत्स्यव्यवसायाला 2018-19 पासून किसान क्रेडिट कार्ड लागू झालं, महिला गटही त्याला पात्र आहेत. हे ठाऊक नसलेली बाई व्यापाऱ्याची उचलच घेत राहते.

'बेकायदा' या शब्दाने सगळ्यात जास्त नुकसान केलंय. पथविक्रेता अधिनियम 2014 सांगतो की सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. पुढेही हटवायचं तर 30 दिवसांची नोटीस हवी. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते, आणि नाशवंत माल विक्रेत्याने मागणी केली त्याच दिवशी परत करावा लागतो, शुल्क भरून का होईना. पापलेट-बोंबलाच्या पाटीसाठी या एका ओळीची किंमत किती, ते कोळणीला सांगावं लागत नाही. अशी ओळ आहे, एवढंच सांगावं लागतं. याच कायद्याखालच्या नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेते आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. पालिकेच्या मंडईत ओटा असेल तर मात्र परवान्याचे नियम वेगळे. तिथे पहिला प्रश्न हाच, की परवाना कुणाच्या नावावर आहे.

'टाप नाही' म्हणणाऱ्यांनी अंधारात धक्क्यावर उभ्या राहणाऱ्या बाईला विचारावं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा असंघटित कामालाही लागू आहे, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

घरं फुटण्याचं म्हणाल, तर हिंदू घरात वडिलोपार्जित मालमत्तेतला मुलीचा हिस्सा शिबिराने दिलेला नाही. महाराष्ट्राने तो 1994 मध्ये दिला, देशाने 2005 मध्ये, आणि 2005 चा बदल लागू झाला त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. वसईच्या ख्रिस्ती कोळ्यांत मृत्युपत्र नसेल तर 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने मुलगा-मुलगी समान. हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर, भावासाठी आनंदाने सही करणाऱ्या बहिणी आहेत, त्यांनी जरूर करावी. पण कशावर सही करतोय हे तिला आधी कुणी वाचून दाखवलं का? मला राग येतो तो न वाचता घेतलेल्या सहीचा.

आणि शिबिरांना बायका येत नाहीत, कारण ती सकाळी अकराला ठेवतात. त्या वेळी त्या बाजारात बसलेल्या असतात. संध्याकाळी ठेवा, वाड्यातच ठेवा, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ठेवा. मग मोजा.