व्हिक्टोरियाची वेलांटी

नाव सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक विनोद हमखास करतो. एक : "अरे वा, व्हीटी! मग चर्चगेट कुठंय?" दुसरा : "या राणीसाहेब, बसा." दुसरा करणारा खुर्ची तरी देतो. पहिल्यात भूगोलाचीही बोंब असते, कारण मी वसईची, आणि आमची लोकल चर्चगेटलाच जाते. व्हीटीशी माझा संबंध दादरचा पूल ओलांडून गेलं तरच.

राणीशी तर तेवढाही नाही. माझा जन्म 23 डिसेंबरचा. त्या दिवशी संत व्हिक्टोरियाचा सण असतो. ही रोमन काळातली हुतात्मा, राणीच्या कितीतरी शतकं आधीची. आजीनं चर्चचं कॅलेंडर पाहिलं, नाव वाचलं आणि परत नाताळच्या फराळाकडे वळली. विषय संपला. खुद्द राणीचं तरी हे पहिलं नाव कुठे होतं? बारशाचं नाव अलेक्झांड्रिना, घरात हाक 'ड्रिना'. व्हिक्टोरिया हे तिच्या जर्मन आईचं नाव, मागे जोडलेलं. ते इंग्लंडात इतकं परकं वाटे की बदलून टाका अशा सूचनाही झाल्या होत्या. आणि मला मात्र लग्नकार्यात कोणीतरी काका कोपऱ्यात घेऊन विचारतात, "इंग्रजांचं नाव कशाला गं ठेवलं?"

आजी स्वतः मला 'वितोर्या' म्हणायची. वसईत पोर्तुगीज 1534 ते 1739 होते. त्यांच्या उच्चारात या नावातला 'क' नाहीच. ब्राझीलमध्ये 'वितोरिया' नावाचं मोठं शहर आहे, तेही असंच, क गाळून. म्हणजे आजीचा उच्चार अशुद्ध नव्हता, फक्त इंग्रज यायच्या आधीचा होता. लग्नाआधी मी कुवेतला नोकरी केली. अरबीत 'व्ह' हे अक्षरच नाही, त्यामुळे तिथल्या सिव्हिल आयडीवर मी 'फिक्तोरिया' झाले. इटलीत असलेली मामेबहीण 'वित्तोरिया' म्हणून हाक मारते, त आणखी ठासून. यातल्या कशाचंच मला काही वाटलं नाही. परका माणूस आपल्या जिभेला झेपेल तसं म्हणणार.

छळ मांडला तो माझ्या मराठीनं.

शाळेच्या दाखल्यावर मी व्हिक्टोरिया आहे. रेशनकार्डावर व्हीक्टोरिया, दीर्घ. आधारवर विक्टोरिया, कारण तिथे इंग्रजीवरून मराठी यंत्र करतं आणि ते यंत्र हिंदीच्या वळणाचं आहे. वीजबिलावर व्हिक्टोरीया. पण मुकुटमणी म्हणजे एका यादीतली नोंद : 'िव्हक्टोरिया'. ही काय भानगड आहे ते ई-सेवा केंद्रातल्या मुलानं समजावलं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करत. तो मजकूर युनिकोडमध्ये आणताना नीट उलटवला नाही तर वेलांटी होती तिथेच, सगळ्यांच्या पुढे राहते. पडद्यावर मग तिच्याखाली ठिपक्यांचं एक गोल वर्तुळ उमटतं, आणि माझी बिचारी वेलांटी त्या रिकाम्या वर्तुळावर लोंबकळत बसते, व्ह कधी येतो याची वाट बघत. शोधायला गेलं तर हे नाव सापडतही नाही, कारण असं नाव टाइप करणार कोण? सुनीताला, मंगलला हे कधी भोगावं लागतं का? (सुनीताला लागतं म्हणे. तिचा 'नी' ऱ्हस्व करून ठेवलाय.)

मजा अशी की फॉर्म भरताना ब्राउझरनं घाईघाईत माझं नाव 'शहर' या रकान्यात घातलं, तर वेबसाइट ते आनंदानं स्वीकारते. सेशेल्सची राजधानी व्हिक्टोरिया, कॅनडात ब्रिटिश कोलंबियाची राजधानी व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलियात तर अख्खं राज्य. आफ्रिकेत सरोवर आहे, धबधबा आहे. यातली कुठलीही व्हिक्टोरिया चालते. फक्त 'अर्जदाराचे नाव' या रकान्यात आली की लाल अक्षरात 'माहिती जुळत नाही'.

बरं, नाव बदलणं सरकारला जमत नाही असंही नाही. व्हिक्टोरिया गार्डनचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं (लोक अजून राणीची बागच म्हणतात, ते सोडा). व्हिक्टोरिया टर्मिनस 1996 मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, 2017 मध्ये त्यात 'महाराज' आलं. एवढं मोठं स्टेशन, त्याच्या पाट्या, तिकिटं, वेळापत्रकं, सगळं बदललं. आणि माझी एक वेलांटी दीर्घाची ऱ्हस्व करायला प्रतिज्ञापत्र, नोटरी, फोटो, राजपत्र. प्रतिज्ञापत्रात लिहायचं की वर नमूद केलेल्या सर्व नावांची व्यक्ती एकच असून ती मी आहे. वकिलानं ते टाइप केलं, त्यात नाव 'व्हिकटोरिया' पडलं. मी काही बोलले नाही. यादीत आणखी एक भर, एवढंच.

सगळ्यांत हुशार निघाला तो कचेरीतला एक क्लार्क. त्यानं माझी सगळी कागदपत्रं टेबलावर पत्त्यांसारखी मांडली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "ताई, मुंबईच्या व्हीजेटीआय इंजिनिअरिंग कॉलेजनं काय केलं माहितीय? आधी होतं व्हिक्टोरिया ज्युबिली, 1997 ला केलं वीरमाता जिजाबाई. अक्षरं तीच! लेटरहेडवर व्हीजेटीआय तसंच, बाहेर लोक म्हणतात तेही तसंच. तुम्ही सरळ विजया करून टाका. अर्थ तोच, इंग्रजी सहीतला व्ही तोच. आणि विजया कोणी चुकवूच शकत नाही."

घरी येऊन सांगितलं. सासूबाई चिंबोऱ्या साफ करत होत्या, मान वर न करता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कर की," त्या म्हणाल्या. "पण आधी मला सांग, बँकेत आपण रॉड्रिग्ज आहोत, रॉड्रिक्स की रोड्रीग्स?"