सर्च चालतो म्हणजे किल्ली कंपनीकडेच?

एक मेसेज बराच फिरतोय: ‘एन्क्रिप्टेड डेटात सर्च होऊच शकत नाही. क्लाउडवर सर्च चालतो, म्हणजे किल्ली कंपनीकडे आहे आणि ती सगळं वाचते. कुणी जमवलंच तरी ते भयंकर स्लो असतं. एन्क्रिप्शन म्हणजे नुसता देखावा.’

‘होऊच शकत नाही’ हे तर 2000 सालीच खोडून निघालं. त्या वर्षी सॉंग, वॅग्नर आणि पेरिग या संशोधकांनी अशा सर्चची पद्धत मांडली. आजची रीत साधारण अशी. फाइल अपलोड होण्याआधी तुमचा फोन तिच्यातल्या ‘मधुमेह’ या शब्दापासून, गुप्त किल्ली वापरून, एक टोकन म्हणजे अर्थ न कळणारा कोड बनवतो. इंडेक्समध्ये, म्हणजे कोणता शब्द कोणत्या फाइलीत आहे याच्या यादीत, शब्दाऐवजी हे टोकन जातं. सर्च करताना फोन तेच टोकन पाठवतो, सर्व्हर ते जुळवतो आणि कुलूपबंद फाइली परत देतो. किल्ली फोनमध्येच राहते. टोकनऐवजी साधा हॅश, म्हणजे किल्लीशिवाय कुणालाही काढता येणारा शब्दाचा कोड, असता तर सर्व्हरने शब्दकोशातला एकेक शब्द हॅश करून ताडून पाहिला असता.

‘कंपनी वाचते’ हा संशय बऱ्याच सेवांबाबत रास्तच आहे, पण सर्च चालणं हा त्याचा पुरावा नव्हे. पासवर्ड विसरलात, रिकव्हरी कोडही नाही, तरी कंपनी सगळा डेटा परत मिळवून देते? मग किल्ली नक्की तिच्याकडे आहे.

‘स्लो’ म्हणताना होमोमॉर्फिक एन्क्रिप्शनशी, म्हणजे डेटा न उघडताच त्यावर गणितं करण्याच्या तंत्राशी, गल्लत झालेली दिसते. ते जड असतं, कबूल. टोकनवाल्या सर्चला मात्र 2006 पासूनच्या पद्धतींत जुळणाऱ्या फाइलींपुरताच वेळ लागतो.

राहिला ‘देखावा’. इथे मेसेजवाल्याला खरी दुखरी जागा सापडलीच नाही. सर्व्हरला शब्द कळत नसला तरी तेच टोकन पुन्हा आलं आणि कोणत्या फाइली जुळल्या, हे दिसतं. 2016 मध्ये झांग, कॅट्झ आणि पापामांथू या संशोधकांनी दाखवलं की सर्व्हरने मुद्दाम रचलेले ईमेल तुमच्या खात्यात घुसवले, तर कोणते जुळले यावरून शब्द ओळखता येतो. 10,000 शब्दांतून नेमका एक हुडकायला 14 ईमेल पुरतात! उपाय आहेत. ‘फॉरवर्ड प्रायव्हसी’ असलेल्या पद्धतीत जुनं टोकन नंतर आलेल्या फाइलींना लागूच पडत नाही. पण ईमेल आल्यानंतर तुम्ही तोच शब्द पुन्हा शोधलात, तर ती ढाल उपयोगाची नाही. कोणती फाइल उघडली हेही लपवणारं ओरॅम तंत्र आहे, फक्त त्यापायी प्रत्येक सर्चला कितीतरी जादा डेटा हलवावा लागतो.